पडवीतल्या लठ्ठ कुत्र्याचं वजन कसं उतरवायचं

मालवण तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सगळी नोकरी गाई-म्हशी नि शेळ्यांच्या मागे गेली. कुत्रं दाखवायला आणलंच तर गोचीड झाले म्हणून, नाहीतर कुणाला चावलं म्हणून. निवृत्तीनंतर बोलावणी येतात ती लॅब्राडोर आणि पामेरियनसाठी, आणि तक्रार ठरलेली असते: "डॉक्टरांनू, हो काय खाणा नाय, तरी फुगता कसो?" (मी डॉक्टर नव्हे, पण गावात हे कोण ऐकतंय!)

आधी कुत्रा खरंच लठ्ठ आहे का ते बघा. तो उभा असताना दोन्ही हात बरगड्यांवरून हलके फिरवा. तुमचा पंजा सरळ पसरून पाठच्या बाजूने बोटांवर हात फिरवलात तर हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या तर उत्तम. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर कुत्रा रोड आहे. तळहातासारखं नुसतं मऊ लागलं आणि दाबून बरगडी शोधावी लागली, तर वजन जास्त आहे. वरून पाहताना बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसायला हवी, बाजूने पाहताना पोट मागच्या पायांकडे वर चढलेलं. पामेरियनच्या केसांत डोळ्यांना काही कळत नाही, तिथे हातच चालवायचा.

एक इशारा. पोट मोठं पण पाठीची हाडं आणि बरगड्या वर आलेल्या, असं असेल तर ती चरबी नव्हे. पोटात पाणी झालेलं असू शकतं, मादी असेल तर गर्भाशयात पूही. तिथे खाणं कमी करत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. कुत्रा मरगळलेला, थंडी सोसत नाही, दोन्ही कुशींवरचे केस विरळ झालेत, असं असेल तर थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या.

आता लठ्ठपणाने होतं काय. आपल्या हवेत सगळ्यात आधी श्वास गाठतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून जीभ आणि श्वासनलिकेतल्या ओलाव्याच्या वाफेने अंग थंड करतो. एप्रिल-मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात हवेतच इतकी वाफ असते की त्याचा ओलावा उडतच नाही. वर चरबीचा थर. दुपारी खळ्यात बांधलेला जाडा पग किंवा लॅब्राडोर उष्माघाताने तासाभरात हातचा जाऊ शकतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असतं, ४१ च्या वर गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. तसं झालं तर सावलीत घ्या, अंगावर विहिरीचं साधं पाणी ओता, पंखा लावा आणि पाणी ओतत ओततच दवाखाना गाठा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते.

बाकीचं हळूहळू येतं. जांभ्या दगडाच्या पायऱ्या उतरताना गुडघ्यातला स्नायुबंध तुटतो, सांधे झिजतात. लहान जातीत श्वासनलिका चपटी होऊन बदकासारखा खोकला लागतो. कातडीच्या वळ्यांत पावसाळ्यात बुरशी धरते. भूल देणं जोखमीचं होतं. आणि तेलकट किंवा चरबीचं खाणं एकदम पडलं की स्वादुपिंडाला सूज येते. शिमग्याच्या किंवा गटारीच्या दुसऱ्या दिवशी उलट्या करणारा, पाठ वाकवून उभा असलेला कुत्रा बघितला की मी आधी विचारतो, मटणाची चरबी कोणी घातली?

आयुष्याचा हिशोबही झालेला आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडोरांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला पिल्लापासून आयुष्यभर २५ टक्के कमी खाणं दिलं. २००२ साली निष्कर्ष छापून आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. सांधेदुखीही त्यांना उशिरा लागली.

कामाची सुरुवात वजनापासून. घरचा काटा असेल तर कुत्र्याला उचलून उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. मोठा कुत्रा उचलत नसेल तर काजूबी घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे जा. पोती तोलायच्या काट्यावर लॅब्राडोर व्यवस्थित बसतो, फक्त बाजूला बिस्किट दाखवू नका.

मग हे शोधा की त्याला घालतंय कोण. देवबागला एका होमस्टेच्या बाकड्यावर मी सकाळभर नुसता बसून राहिलो होतो. मालकीण शपथेवर सांगत होती, दोन वेळचा मोजका भात. प्रत्यक्षात आजीने पेजेचा टोप चाटायला दिला. पाहुण्यांच्या पानातले घावणे टेबलाखाली गेले. शाळेत जाणाऱ्या मुलाने बिस्किटं दिली. रापण ओढून आलेल्याने जाता जाता दोन तारल्या टाकल्या. खोटं कोणीच बोलत नव्हतं, बेरीज करायला कोणी नव्हतं इतकंच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जो घालेल त्याने त्या तारखेच्या चौकटीत लिहायचं, असा नियम आठवडाभर पाळा. तुमचं उत्तर तिथेच मिळेल.

हिशोब असा: कुत्र्याचं जे वजन असायला हवं, ते किलोत घेऊन ३० ने गुणा आणि ७० मिळवा. साधारण तितक्या कॅलरी वजन उतरवायला दिवसाकाठी पुरतात. २५ किलो अपेक्षित असेल तर ८२०. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे १३० असतात, एका ग्लुकोज बिस्किटात २० ते २५. १० किलोच्या कुत्र्याला चार बिस्किटं म्हणजे दिवसाच्या खाण्याचा जवळजवळ पाव भाग गेला. वरखाऊ सगळं मिळून दहा टक्क्यांच्या आतच ठेवा.

भात निम्मा करून त्या जागी उकडलेला दुधी, लाल भोपळा किंवा फरसबी घाला. सोबत उकडलेलं अंडं, कातडी काढलेली कोंबडी किंवा काटे काढलेला उकडा मासा, बिनमिठाचा. कालवण नको. वाटपातला (वाटलेल्या मसाल्यातला) कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, खोबऱ्याचं तेल वेगळंच. तयार खाणं देत असाल तर वाटी ठरवून मोजा, अंदाजाने नको. महिनोन् महिने घरचंच चालवायचं असेल तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांचं पशुवैद्यकाला विचारा.

उपाशी ठेवू नका. आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतरलं की पुरे, म्हणजे ३० किलोच्या कुत्र्याचे ३०० ते ६०० ग्रॅम. दर पंधरा दिवसांनी काट्यावर.

लॅब्राडोरवाल्यांना जरा अवघड जाईल. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की सुमारे चौथा हिस्सा लॅब्राडोरांत भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. तो ढोंग करत नसतो, त्याला खरोखर भूक लागते. अशाला तेवढंच खाणं चार वेळा विभागून द्या. नसबंदी केलेल्याला मुळातच कमी लागतं, ऑपरेशनला दोष देण्यापेक्षा वाटी लहान करा.

फिरवायचं ते उजाडताना, भरतीची रेघ ओली असते त्या घट्ट वाळूवर. कोरड्या भुसभुशीत पुळणीत जाड कुत्र्याचे गुडघे आणखी दुखावतात. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं बास. पावसात बाहेर पडता येत नसेल तर त्याचं मोजलेलं खाणं पडवीभर लपवून ठेवा, शोधू दे.

बरगड्या हाताला नीट लागू लागल्या की खाणं साधारण एक दशांश वाढवा आणि पुढचा महिनाभर वजन करत राहा. चढायला लागलं तर ती वाढ परत काढा.