शुद्ध पदार्थ की मिश्रण? वर्गीकरण करताना या चुका टाळा

आठवी-नववीच्या विज्ञानाच्या पेपरात ‘पुढील द्रव्यांचे मूलद्रव्य, संयुग व मिश्रण असे वर्गीकरण करा’ हा प्रश्न हमखास येतो. हवा, पितळ, साखर, दूध, लोखंड ही नेहमीची यादी मुलं पाठ करून जातात आणि तेवढ्यापुरते मार्क मिळतातही. मोरचूद (निळं कॉपर सल्फेट) किंवा ‘पाण्यात तरंगणारा बर्फ’ असं काही आलं, की गाडी अडते. बहुतेक जण डोळ्यांना काय दिसतं त्यावरून उत्तर ठरवतात, तिथेच घोळ होतो. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: यातल्या घटकांचं प्रमाण हवं तसं कमी-जास्त करता येतं का? येत असेल तर मिश्रण, नसेल तर शुद्ध पदार्थ, म्हणजे मूलद्रव्य किंवा संयुग.

एकजीव दिसतं म्हणून शुद्ध म्हणणं

सर्वांत जास्त मार्क इथे जातात. मिठाच्या पाण्यात मीठ दिसत नाही, म्हणून कुणी ते थेट संयुगात टाकतं. आता प्रमाण तपासा. खोलीच्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. तुम्ही १ ग्रॅम घातलं काय किंवा ३० ग्रॅम घातलं काय, दोन्ही मिठाचं पाणीच. नुसत्या शुद्ध पाण्याचं तसं नाही. पावसाचं घ्या नाहीतर प्रयोगशाळेतलं, १८ ग्रॅम शुद्ध पाण्यात २ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन असणारच. हा स्थिर प्रमाणाचा नियम अठराव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ प्राउस्ट या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मांडला. संयुग आणि मिश्रण यांच्यातली रेघ खरं तर त्यानेच आखली.

सोन्याच्या दागिन्यांचीही हीच गत. २२ कॅरेटच्या दागिन्यावर ९१६ असा आकडा असतो, म्हणजे १००० भागांत ९१६ भाग सोनं आणि उरलेलं तांबं, चांदी वगैरे. १८ कॅरेटला तोच आकडा ७५०. कॅरेट निवडता येतं, याचाच अर्थ ते मिश्रण आहे. फक्त समांगी (सगळीकडे एकसारखं) आहे आणि स्थायू आहे, म्हणून लक्षात येत नाही. पितळ, कांसं, स्टील सगळी याच घरातली.

दूध मात्र समांगीही नाही, कलिल आहे, म्हणजे त्यात बारीक कण न विरघळता पसरलेले असतात. खात्री करायची तर एका ग्लासात मिठाचं पाणी घ्या आणि दुसऱ्यात साध्या पाण्यात दुधाचे चार-पाच थेंब टाका. अंधाऱ्या खोलीत दोन्हींमधून बाजूने टॉर्चचा बारीक झोत सोडा. दुधाच्या ग्लासात उजेडाचा पट्टा आरपार दिसतो, मिठाच्या पाण्यात जवळपास काहीच दिसत नाही. कणांमुळे प्रकाश असा विखुरतो, हाच टिंडल परिणाम. दोन्हीकडे पट्टा दिसला तर आधी ग्लास पुसा आणि मिठाचं पाणी गाळून घ्या. मिठातला न विरघळणारा गाळही प्रकाश विखुरतो.

दोन भाग दिसले म्हणून मिश्रण म्हणणं

वरच्या चुकीची ही उलटी बाजू. पाण्यात बर्फ तरंगतोय, दोन भाग स्वच्छ दिसताहेत, म्हणून ‘विषमांगी मिश्रण’ असं लिहिलं जातं. अवस्था दोन आहेत, पदार्थ एकच. पाणी शुद्ध असेल तर उत्तर संयुग.

तसंच रेणूत दोन अणू दिसले की संयुग, हेही चूक. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन, गंधकाच्या रेणूत आठ. पण अणू एकाच जातीचे, म्हणून ही मूलद्रव्यंच.

एकत्र केलं म्हणजे संयुग झालं, असं समजणं

लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड हा पुस्तकातला नेहमीचा प्रयोग, तरी गोंधळ राहतोच. ७ ग्रॅम कीस आणि ४ ग्रॅम गंधक खलबत्त्यात घोटलं तर राखी-पिवळी पूड मिळते. चुंबक फिरवा, कीस उचलला जातो. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाका, बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, आणि गंधक तसंच तळाशी राहतं. हेच मिश्रण परीक्षानळीत तापवलं की एका जागी लाल निखारा धरतो आणि ज्योत बाजूला घेतली तरी तो पुढे सरकत जातो. उरतो तो काळा कठीण खडा, आयर्न सल्फाइड. त्यावर आम्ल टाकलं तर सडक्या अंड्यांचा वास येतो. हा हायड्रोजन सल्फाइड, विषारी वायू, त्यामुळे हा भाग शिक्षकांसमोर आणि खिडक्या उघडूनच.

खडा चुंबकाला चिकटतोच आहे? मग कीस जाड होता, नीट घोटला नव्हता किंवा लोखंड जास्त पडलं होतं. काही लोखंड अभिक्रियेविना शिल्लक राहिलंय.

७:४ हे प्रमाण तापवण्याआधीच्या पुडीतही होतं. ते आपण मोजून घेतलं म्हणून होतं. १०:१ घेतलं असतं तरी ती पूडच होती. आयर्न सल्फाइडमध्ये ७:४ च्या आसपासच येतं, जास्तीचं लोखंड बाहेर पडून राहतं.

मोरचूद

भल्याभल्यांना चकवणारा हा नमुना. निळे खडे परीक्षानळीत तापवले की नळीच्या वरच्या भागात पाण्याचे थेंब जमतात आणि खाली पांढरी भुकटी उरते. भुकटीवर थेंबभर पाणी सोडलं की ती पुन्हा निळी होते आणि नळी हाताला गरम लागते. ‘पाणी वेगळं काढता आलं, परत घालता आलं, म्हणजे मिश्रण’ असं उत्तर यावरूनच सुचतं. पण १०० ग्रॅम मोरचुदात पाणी ३६ ग्रॅम, दर वेळी तेवढंच. ओलसर मीठ कमी-जास्त ओलं असू शकतं, निळा स्फटिक नाही. शिवाय रंग बदलला, उष्णता बाहेर पडली. हे संयुगच.

द्राक्षबागांवर फवारतात ते बोर्डो मिश्रण याच मोरचुदाचं. एक टक्क्याच्या फवाऱ्यासाठी १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना घेतात, आणि गरजेप्रमाणे हे प्रमाण कमी-जास्तही करतात.

लेबलवरच्या ‘शुद्ध’वर भरवसा ठेवणं

शुद्ध तूप म्हणजे भेसळ नसलेलं तूप. रसायनशास्त्राच्या हिशेबात ते अनेक स्निग्ध पदार्थांचं मिश्रण. पिण्याच्या पाण्यासाठीचं भारतीय मानक (आयएस १०५००) लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले घन पदार्थ स्वीकारार्ह मानतं. पाणी प्यायला उत्तम, पण ते मिश्रण.

उत्कलनबिंदू स्थिर आहे, एवढ्यावरून निकाल देणं

कसोटी चांगली आहे. मिठाचं पाणी उकळत ठेवलं तर पाणी आटत जाईल तसं तापमान चढत जातं, पार १०८ अंश सेल्सिअसच्या आसपास. शुद्ध पाणी शेवटपर्यंत एकाच तापमानाला उकळतं. ते तापमान १००च असेल असं मात्र नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर ते ९५-९६ अंशांनाच उकळतं. तेवढ्यावरून पाणी अशुद्ध ठरवू नका.

काही मिश्रणंही शुद्ध पदार्थाचा आव आणतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाचं सोल्डर नेमकं १८३ अंशांना वितळतं. वजनाने सुमारे ९५.६ टक्के अल्कोहोल आणि बाकी पाणी असलेलं द्रावण ७८.२ अंशांना एकसारखं उकळत राहतं आणि साध्या ऊर्ध्वपातनाने (उकळून वाफ पुन्हा थंड केल्याने) पुढे शुद्ध होत नाही. पण दाब बदलून पाहा: असं टिकून राहणारं प्रमाणच बदलतं. नुसत्या दाबाने पाण्यातला हायड्रोजन कमी-जास्त होत नाही.