पंप पुढे न्या, लगाम मागेच ठेवा: पोर्शे 914 च्या फ्युएल पंपाची वायरिंग

914 म्हणजे पोर्शेची सत्तरच्या दशकातली, सीटच्या मागे इंजिन असलेली दोन सीटची गाडी. 914 वाल्यांची एक तक्रार ठरलेली असते. गाडी चांगली तापेपर्यंत चालवली, बंद केली, दहा-पंधरा मिनिटांनी परत चावी फिरवली तर स्टार्टर जोरात फिरतो आणि इंजिन काही पकडत नाही. तासभर थांबलं की जणू काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. इग्निशन कॉइल बदलून होते, स्पार्क प्लग बदलून होतात, इंजेक्शनच्या कंट्रोल युनिटवर संशय घेऊन होतो. खरं कारण बहुतेक वेळा इंजिनच्या उजव्या अंगाला, हीट एक्स्चेंजरच्या (एक्झॉस्टच्या उष्णतेवर हीटरची हवा तापवणाऱ्या डब्याच्या) शेजारी लटकत असतं: फ्युएल पंप.

पेट्रोलमधले हलके घटक 40 अंशांच्या आसपासच उकळू लागतात. त्यात हा पंप ढकलण्यात पटाईत आणि ओढण्यात कच्चा. टाकी पुढे, पंप पार मागे, म्हणजे सगळं ओढून आणायचं. पंपात वाफ भरली की तो नुसता घोंघावतो, दाब तयार होत नाही. पोर्शेला हे कळलं होतं, म्हणूनच 1975 च्या मॉडेलपासून कारखान्यानेच पंप पुढे, टाकीखाली हलवला. जुन्या गाडीत आपण तेच करायचं. पाइपाचं काम त्यातल्या त्यात सरळ आहे. घोळ वायरिंगमध्ये होतो, म्हणून हा लेख वायरिंगवर.

तरी पाइपाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पंप मागे होता तेव्हा मधल्या टनेलमधल्या (दोन सीटच्या मधून पुढून मागे जाणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यातल्या) नळीत दाब नसायचा, पेट्रोल नुसतं ओढलं जायचं. पंप पुढे आला की तीच नळी तुमच्या दोन सीटच्या मधून सुमारे 2 बार दाबाने पेट्रोल वाहणार. पन्नास वर्षांच्या प्लॅस्टिक नळीला हे सोसणार नाही. स्टीलच्या नळ्या टाका, जोडाला इंजेक्शनच्या दाबाचा होज आणि त्याचेच क्लॅम्प वापरा. हे करायचं नसेल तर पंपही हलवू नका.

आता वायर. कुठलीही वायर कापण्याआधी जुना पंप जागेवर असतानाच एक माप घ्या. इंजिन चालू ठेवा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं पंपाच्या प्लसवर. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत गळतायत. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. एक व्होल्टच्या वर असेल तर रिले बोर्डाचे (रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच; ते जिथे बसवलेले असतात त्या इंजिनजवळच्या पाटीचे) कॉन्टॅक्ट किंवा प्लगची टोकं खराब झाली आहेत. तो आजार आधी बरा करा, नाहीतर नवी वायर कितीही जाड टाकलीत तरी पंप अर्धपोटीच राहील. रिले ‘टक्’ वाजतो म्हणजे तो चांगला, असं मात्र धरून चालू नका. रिलेच्या आतली कॉइल शाबूत असते आणि कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात.

पुढचा मुद्दा मी प्रत्येकाला सांगते आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. पंप पुढे, डॅशखाली फ्यूज बॉक्स पुढे, त्यात चावी फिरवली की येणारा करंट (जर्मन खुणेत 15 नंबर) हाताशी. मग तिथूनच एक वायर ओढून पंपाला दिली की काम झालं, असं वाटतं. पंप फिरतो, गाडी सुरू होते, सगळे खूश. पण मूळ रचनेत पंप कधी चालायचा हे चावी ठरवत नाही. डी-जेट्रॉनिक (बॉशचं इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन, थोडक्यात डी-जेट) असलेल्या 1.7 आणि 2.0 लिटरच्या इंजिनात चावी फिरवली की कंट्रोल युनिट पंपाला एक-दोन सेकंद चालवतं, दाब भरतं आणि थांबवतं. त्यानंतर इंजिन फिरत असेल तरच पंप चालतो. इंजिन थांबलं की पंपही थांबतो. एल-जेट्रॉनिक या बॉशच्याच दुसऱ्या इंजेक्शनच्या 1.8 मध्ये हे काम एअर फ्लो मीटरमधला (आत येणारी हवा मोजणाऱ्या भागातला) कॉन्टॅक्ट करतो: हवा थांबली, झडप मिटली, पंप बंद. गाडी कुठे आपटली, नळी तुटली आणि चावी चालूच राहिली, तर ही व्यवस्था पंप थांबवते. चावीवर थेट जोडलेला पंप मात्र तुमच्या पायाशी, 2 बार दाबाने पेट्रोल ओततच राहतो.

म्हणून पंप हलवायचा, त्याचा लगाम हलवायचा नाही. मागे जुन्या पंपाकडे जी प्लसची वायर येते तीच वाढवून पुढे न्यायची, बस. पुढे वेगळा रिले लावावा का, असं बरेच जण विचारतात. मूळ रिलेची तब्येत बरी असेल तर गरज नाही. एवढ्या पंपाचा भार त्याच्या आवाक्यातला आहे, आणि प्रत्येक नवा रिले म्हणजे चार नवे जोड. बोर्ड दुरुस्तीपलीकडे गेला असेल तर रिले लावा, पण मग जुनी वायर त्या नव्या रिलेच्या 86 नंबरच्या टोकाला द्यायची, 85 अर्थ, 30 ला फ्यूजमधून बॅटरी, 87 वरून पंप. हुकूम तरीही मागूनच यायला हवा.

मूळ प्लग कापू नका. त्यात बसणारी टोकं लावून वायर पुढे न्या, म्हणजे उद्या कोणाला गाडी जशी होती तशी करायची असेल तर दोन पिना ओढल्या की झालं. दोन वायरींपैकी प्लस कुठली हे रंगावर न जाता मीटरने ठरवा. कोणाला तरी चावीवर बसवा आणि मीटरची टोकं प्लगमध्ये धरा. डी-जेटमध्ये चावी फिरवताच काटा 12 वर उडी मारेल आणि दीड-दोन सेकंदांत खाली येईल. ती उडी दिसली म्हणजे वायर बरोबर आणि कंट्रोल युनिटही शुद्धीवर. 1.8 मध्ये नुसत्या चावीवर काही दिसणार नाही, स्टार्टर मारावा लागेल. रंगाचं सांगायचं तर जर्मन गाडीत तपकिरी म्हणजे अर्थ. जुन्या इंग्लिश गाडीत तीच तपकिरी थेट बॅटरीचा प्लस असते, तीही फ्यूजशिवाय. एमजीसारख्या इंग्लिश गाडीवर हात बसलेला माणूस 914 वर आला की इथेच हमखास गोंधळतो.

वायर किती जाड? अशा पंपाला साधारण 5 ते 8 अँपिअर लागतात, 6 धरू. गाडीची लांबी 3,985 मिलिमीटर, म्हणजे रिले बोर्डापासून टाकीखालपर्यंत वळणं धरून 4 मीटर वायर जाईल. 0.75 चौरस मिलिमीटरच्या वायरीत एवढ्या अंतरावर अर्ध्या व्होल्टहून जास्त गळती होते, 1.5 मध्ये पाव व्होल्टच्या थोडी वर, 2.5 मध्ये 0.17 च्या आसपास. मी 2.5 घालते. तीही गाडीची, बारीक तारांची आणि उष्णता व पेट्रोल सोसणाऱ्या वेष्टनाची. घरातली एकसंध तांब्याची वायर कंपनाने टोकाशी तुटते, ती गाडीत नको.

रस्ता निवडताना दारांखालच्या पोकळ बीममध्ये जाऊ नका, तिथून हीटरची गरम हवा जाते. टनेलच्या आतही गिअरचा रॉड, क्लचची केबल आणि ॲक्सिलरेटरची केबल हलत असतात, शिवाय आता दाबाखालची पेट्रोलची नळी. मी टनेलच्या बाहेरच्या कडेने, कार्पेटखालून नेते. सगळी लांबी जाळीच्या स्लीव्हमध्ये, वीतभर अंतरावर क्लिप. पत्र्यातून आरपार जाईल तिथे रबरी ग्रॉमेट (भोकाच्या कडेवर वायर घासू न देणारी कडी) हवाच, मग भोक आधीचं असो वा नवीन. नवीन पाडलंत तर कानशीने कड मारा, रंगाचा हात द्या आणि मग ग्रॉमेट बसवा.

फ्यूज मागच्या टोकाला, जुन्या प्लगपासून वीतभराच्या आत. फ्यूज पंपासाठी नसतो, वायरीसाठी असतो. तो पुढे पंपाशी लावला तर मधली चार मीटर वायर उघडीच राहिली. ब्लेड फ्यूज, 15 अँपिअर, झाकणवाल्या होल्डरमध्ये, एक्झॉस्टपासून लांब.

टोकं क्रिंप करताना, म्हणजे वायरीच्या टोकावर धातूचा लग दाबून बसवताना, घाई नको. वायरीचं वेष्टन लगच्या नळीइतकंच सोला, एकही तार कापली जाऊ देऊ नका. आधी आतला गोंदवाला श्रिंक स्लीव्ह वायरीवर सरकवून ठेवा, हा नेमका राहून जातो. तारा हलक्या पिळून लगमध्ये घाला, टोक पलीकडून मिलिमीटरभर डोकावलं पाहिजे. रॅचेटच्या क्रिंपरने दाबा आणि मग जोर लावून ओढून बघा. सुटली तर आत्ता सुटलेली बरी. मग स्लीव्ह पुढे घेऊन गरम करा, कडेने गोंदाची बारीक रेघ बाहेर आली की जोड पाणबंद झाला. नुसतं सोल्डर करू नका, जिथे सोल्डर संपतं तिथेच वायर कडक होऊन तुटते. आणि चालू वायरीला चिमटा मारून फाटा काढणारे ते रंगीत प्लॅस्टिकचे जोड फेकून द्या.

अर्थ पुढेच द्या, मागे परत न्यायची गरज नाही. पंपाजवळ बॉडीवर जागा बघा, रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, दातेरी वॉशर, नट-बोल्ट, वरून ग्रीस. पंपाच्या ब्रॅकेटवर भरवसा नको: पंप रबरात बसतो, रबरातून करंट जात नाही. पंपावर + आणि − कोरलेले असतात. उलटे जोडलेत तर मोटर उलटी फिरेल, आवाज येईल आणि दाब शून्य.

मापं आणि चाचण्या सोडून हे सगळं बॅटरीचा मायनस काढूनच. तो काढायचा पहिला आणि लावायचा शेवटी. टाकी रिकामी, दारं-खिडक्या उघड्या, अग्निशामक हाताशी, आणि ठिणगी पडेल असं एकही काम पेट्रोलच्या वासात नको.

पहिल्यांदा चालवताना टाकीत पेट्रोल असल्याची खात्री करा, कारण हा पंप पेट्रोलनेच थंड होतो आणि त्याचंच वंगण घेतो. कोरडा फिरवला तर आतून घासतो. डी-जेटमध्ये चावी चार-पाचदा चालू-बंद करा, दर वेळी दोनेक सेकंदांचा घोंघाट ऐकू येईल, नळी भरेल. मग टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा, खालून बोट फिरवा. इंजिन सुरू झालं की मघाचं माप परत घ्या: बॅटरी प्लस ते पंप प्लस, आणि पंप मायनस ते बॅटरी मायनस. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आसपास आलं तर काम नेटकं झालं.

यापुढची चाचणी टाळू नका. इंजिन चालू असताना ब्रेक दाबून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडा आणि इंजिन बंद पाडा, चावी तशीच चालू ठेवून. पंप दोनेक सेकंदांत गप्प झाला पाहिजे. वाजत राहिला तर कुठेतरी चावीचा करंट त्याच्यापर्यंत पोचतोय, तो सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवलेल्या 914 पुष्कळ आहेत. तिथे कंट्रोल युनिटच नाही, म्हणजे लगाम नवा घालावा लागतो. कॉइलच्या 1 नंबर टर्मिनलवरचे ठोके वाचणारा पंप रिले घ्या: ठोके थांबले की तो पंप तोडतो. शिवाय धक्क्याने उघडणारा इनर्शिया स्विच रिलेच्या हुकमाच्या वायरीत लावा, घट्ट पत्र्यावर, त्यावर लिहिलेल्या बाजूनेच उभा, आणि चालकाचा हात पोचेल अशा जागी, म्हणजे खड्ड्यात उडाला तर परत दाबता येईल. पंपही कमी दाबाचाच हवा. इंजेक्शनचा 2 बारवाला थेट जोडलात तर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल रोखणारी फ्लोटची सुई हार मानेल आणि पेट्रोल गरम इंजिनावर सांडेल.

कार्पेट मात्र लगेच चिकटवू नका. शे-दोनशे किलोमीटर चालवून एकदा सगळे ग्रॉमेट, क्लिप आणि होजचे क्लॅम्प तपासा, मगच गोंद हातात घ्या.