सह्याद्रीचे फोटो स्वतःच्या वेबसाईटवर टाकताना

इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो दोन दिवस मिरवतो आणि खाली वाहून जातो. वेबसाईटवरचा फोटो वेगळ्या रीतीने बघितला जातो. तीन वर्षांनी कुणीतरी ‘रतनगडावरून काय काय दिसतं’ असं शोधत येतं आणि त्याला तो सापडतो. वेबसाईट करायचीच असेल तर या शोधत येणाऱ्या माणसासाठी करावी. त्याला मोजके फोटो, खरे रंग, चटकन उघडणारी पानं आणि फोटोखाली पूर्ण नोंद हवी असते. नवखी मंडळी पहिल्या तीन गोष्टींतच दमतात आणि चौथीकडे वळत नाहीत. खरं तर वेबसाईटचं वेगळेपण त्या चौथीतच आहे.

आधी काढून टाका

एका ट्रेकचे पाच फोटो पुरतात, एका दालनात वीस-पंचवीस. कोकणकड्याच्या एकाच संध्याकाळचे बारा फोटो लावले तर बघणारा तिसऱ्यालाच पान बंद करतो. ट्रेकहून आल्या रात्री निवड करू नका, निदान पंधरा दिवस जाऊ द्या. ज्या फोटोसाठी चार तास तंगडतोड केली तो आपल्याला उगाच प्रिय असतो. बघणाऱ्याला ती तंगडतोड दिसत नसते.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यं म्हणून युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. त्यांचे ठरावीक कोनातले फोटो नेटवर ढिगाने पडलेत, त्यात आणखी एकाची भर घालून काही साधत नाही. राजगडाचाच फोटो लावायचा तर संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी किंवा सुवेळा माचीचं नेढं (कातळातलं आरपार भोक) असं काहीतरी नेमकं दाखवा. दालनंही तारखेवार लावू नका. घाटवाटा, किल्ले, सडे (कातळी पठारं), किनारा अशी लावली तर परक्या माणसाला वाट सापडते.

निवडलेला प्रत्येक फोटो शंभर टक्के मोठा करून वरपासून खालपर्यंत फिरवून बघा. धुक्याच्या पांढऱ्या आकाशात सेन्सरवरच्या धुळीचे राखाडी ठिपके हमखास दिसतात, आणि मोठ्या स्क्रीनवर ते सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात. विजयदुर्ग किंवा सिंधुदुर्गाच्या फोटोत समुद्राची रेघ एका अंशाने जरी कलली तरी खटकते. डोंगररांगेला ही अडचण नाही, ती मुळातच वाकडी असते.

पावसाळी हिरवा

आपल्याकडचे सर्वांत जास्त फोटो बिघडतात ते हिरव्या रंगात. जुलै-ऑगस्टचं गवत डोळ्यांना जेवढं हिरवं दिसतं त्याहून कॅमेरा ते भडक दाखवतो. वरून ‘व्हायब्रन्स’ (रंग खुलवणारी पट्टी) वाढवला की डोंगर प्लॅस्टिकचा वाटू लागतो. लाइटरूममध्ये किंवा तशा कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये गवताचा रंग बहुतेक ‘यलो’ पट्टीत मोडतो, ‘ग्रीन’मध्ये नाही. त्यामुळे ग्रीन कितीही हलवला तरी फरक पडत नाही आणि माणूस वैतागतो. यलोचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) दहा-पंधराने उतरवा, मग गरज वाटली तर ग्रीनला हात लावा.

‘डीहेझ’, म्हणजे धूसरपणा काढणारी पट्टी, हे दुसरं प्रकरण. दूरच्या रांगा उठाव घेतात म्हणून तो चाळीस-पन्नासपर्यंत ओढला जातो. त्याने सावल्या निळसर होतात, त्यांत दाणे दिसू लागतात आणि आकाशाला लागून असलेल्या कड्याभोवती पांढरी कडा उमटते. दहा-बाराच्या पुढे जायचं असेल तर ब्रश घेऊन फक्त दूरच्या रांगांवर लावा. एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा हाच सह्याद्रीच्या फोटोचा अर्धा जीव असतो, तो हेझ काढून पुसून टाकू नये.

अंधाऱ्या खोलीत पूर्ण उजळलेल्या स्क्रीनवर एडिट केलेला फोटो दुसऱ्याच्या फोनवर काळपट दिसतो, कारण तुमच्या स्क्रीनचा उजेड तुम्ही फोटोत धरलेला असतो. एडिट करताना खोलीत साधा दिवा लावा, स्क्रीनची प्रखरता निम्म्यावर आणा, रात्रीचा पिवळा फिल्टर बंद ठेवा. आणखी एक बारीक गोष्ट आहे. एडिटिंग सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी काळी असते आणि काळ्यावर फोटो उजळ भासतो. तोच पांढऱ्या पानावर ठेवला की गडद वाटतो. तुमच्या साईटचा जो रंग असेल त्याच रंगावर ठेवून फोटो शेवटचा तपासा. धुक्याचे फोटो जास्त असतील तर शुभ्र पांढरं पान टाळा. फोटोची कड पानात विरघळते आणि चौकट कुठे संपली ते कळत नाही. फिकट राखाडी पान बरं पडतं.

एक्स्पोर्ट

कलर स्पेस (फोटोतले रंग कुठल्या मोजपट्टीवर मोजायचे ते) एस-आरजीबी ठेवा. अॅडोबी आरजीबी किंवा प्रोफोटोमध्ये काढलेला फोटो, त्यातलं प्रोफाईल (कुठली कलर स्पेस वापरली ते सांगणारी खूण) वाटेत गळालं की, ब्राउझरमध्ये मरगळलेला दिसतो, हिरवे आणि तांबूस रंग तर विशेष. लांब बाजू २०४८ पिक्सेल पुरेशी आहे. ७२ की ३०० डीपीआय हा वाद इथे निरर्थक आहे, तो आकडा फक्त छपाईच्या कामाचा. शार्पनिंग आकार लहान केल्यावर, शेवटी आणि हलक्या हाताने करायचं. मोठ्या फाईलवर केलेलं शार्पनिंग लहान करताना निघून जातं, आणि ते भरून काढायला जास्त केलं की कड्याच्या रेघेला पुन्हा ती पांढरी कडा येते.

आता जेपेग काढताना निवडायचा क्वालिटीचा आकडा. सगळीकडे ‘८० ठेवा’ असं सांगतात. ते चुकीचं नाही, पण सगळ्या फोटोंना एकच आकडा लावणं डोंगरातल्या फोटोंना मानवत नाही. जेपेग बारकाव्यांवर जागा खर्च करतं. गवत, पानं, कातळावरचं शेवाळ असलेला फोटो ८० वर एक एमबीच्या आसपास जातो, तर धुक्यातली रांग त्याच आकड्यावर दीड-दोनशे केबीत बसते. दोष मात्र उलटे दिसतात. गवताच्या गर्दीत कॉम्प्रेशनचे डाग लपून जातात, धुक्याच्या सपाट उतारावर पट्टे पडलेले लांबूनही दिसतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्याच असतात. धुकं त्यांतल्या थोड्याशाच वापरतं, आणि कॉन्ट्रास्ट ताणला की त्या पायऱ्या उघड्या पडतात. म्हणून दाट झाडीचा फोटो ७०-७५ वर काढा, धुक्याचा, पहाटेच्या आकाशाचा ८८-९० वर. तरीही पट्टे राहिले तर एडिटमध्ये परत जाऊन किंचित ग्रेन (बारीक दाणे) घाला, पाच-सात पुरे. काम रॉ फाईलवर (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेल्या मूळ फाईलवर) १६ बिटमध्येच, म्हणजे जास्त पायऱ्यांत, करा. एकदा जेपेग झालेल्या फोटोत हरवलेल्या पायऱ्या परत येत नाहीत.

जेपेगऐवजी वेबपी या प्रकारात काढल्यास फाईल पाव ते एक तृतीयांश हलकी होते आणि आजचे सगळे ब्राउझर ती उघडतात. एक मेख आहे: हानी सोसून लहान केलेल्या वेबपीत रंगाचे बारकावे निम्म्या रिझोल्यूशनवर साठवले जातात. कासच्या सड्यावरच्या तेरड्यासारखी बारीक, गडद गुलाबी फुलं हिरव्यावर असली की त्यांच्या कडा फिसकटतात. अशा फोटोंना जेपेगच राहू द्या. आयफोनचे हीक (एचईआयसी) प्रकारचे फोटो मात्र जसेच्या तसे कधीच टाकू नका, बऱ्याच ब्राउझरमध्ये ते उघडतच नाहीत.

पानावर चढवताना

प्रत्येक फोटोचे तीन आकार काढा: ८००, १४०० आणि २०४८. ब्राउझरला तिन्ही दिले की तो स्क्रीन बघून योग्य ती फाईल उचलतो. हे ‘सोर्स-सेट’ने होतं, आणि तयार थीममध्ये ते बहुतेक आपोआप असतं. ८०० चा आकार फक्त दालनातल्या छोट्या फोटोंच्या यादीसाठी. कोडच्या हिशेबात ३९० पिक्सेल रुंदीचा, पण तिप्पट घनतेचा (एका पिक्सेलच्या रुंदीत स्क्रीनचे तीन ठिपके असलेला) फोन घेतला तर त्याला ११७० पिक्सेल लागतात, म्हणजे पूर्ण फोटोला १४०० चाच लागतो. फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहा, नाहीतर फोटो उतरत असताना पान खालीवर उड्या मारतं. खालचे फोटो ‘लेझी लोडिंग’वर ठेवा, म्हणजे बघणारा तिथवर आला की ते उतरतात. सर्वांत वरचा ठेवू नका, तो उगाच उशिरा येतो.

पॅनोरामाची गंमत वेगळी. तीनास एक प्रमाणातला रांगेचा फोटो उभ्या फोनवर जेमतेम दोन सेंटीमीटर उंचीची पट्टी होतो, आणि त्यात अलंग किल्ला कोणता नि मदन कोणता हे कळणं अशक्य. त्यासाठी चारास पाच प्रमाणात कापलेली एक प्रत फोनपुरती वेगळी ठेवा आणि पूर्ण पॅनोरामा टिचकी मारल्यावर उघडू द्या.

फाईलचं नाव रोमन लहान अक्षरांत, शब्दांमध्ये जागा न सोडता आडवी रेघ देऊन ठेवा. देवनागरी नाव चालतं, पण लिंक व्हॉट्सअॅपवर टाकली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. तसंच ‘जेपीजी’ मोठ्या अक्षरांत की लहान, हे विंडोजला सारखंच. लिनक्सच्या सर्व्हरला नाही. घरी सगळं नीट दिसलं आणि साईट चढवल्यावर निम्मे फोटो गायब, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

वर्डप्रेस वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो ते स्वतःच लहान करतं, आणि लहान प्रती बनवताना जेपेग पुन्हा ८२ वर दाबतं. आधीच ७० वर काढलेला फोटो तिथे दुसऱ्यांदा दाबला जातो. वर्डप्रेससाठी ९० वर काढून टाकणं शहाणपणाचं.

मेटाडेटा आणि ठिकाण

फोटोच्या फाईलमध्ये दडलेली माहिती म्हणजे मेटाडेटा. फोनने काढलेल्या फोटोत बहुतेक वेळा जीपीएसने नोंदलेलं ठिकाणही असतं. किल्ल्याच्या दरवाजाचं ठिकाण कळलं तर बिघडत नाही. कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती, ऑर्किड, गिधाडांची घरटी यांचं मात्र बिघडतं. कंदीलपुष्पाच्या काही जाती मोजक्याच सड्यांवर आणि कड्यांवर उगवतात. अशा फोटोला फक्त जिल्ह्याचं नाव द्या. मागे ओळखू येणारा सुळका दिसत असेल तर चौकट बदलून तोही कापा, नाहीतर जीपीएस काढून उपयोग काय?

एक्स्पोर्ट करताना लोकेशन काढण्याचा पर्याय असतो, तो निवडा. ‘सगळा मेटाडेटा पुसणारं’ साधन वापरलं तर दोन भानगडी होतात. एक, रंगाचं प्रोफाईलही पुसलं जातं. दोन, फोटो उभा की आडवा ही खूण जाते आणि उभे फोटो पानावर आडवे झोपतात. आधी फोटो खरोखर फिरवून साठवा, मग पुसा. तुमचं नाव आणि हक्काची ओळ आत राहू द्या.

राइट क्लिक बंद करून चोरी थांबत नाही, स्क्रीनशॉट कुणीही घेतं. आकाशभर पसरलेला वॉटरमार्क फोटोच मारतो. २०४८ चीच प्रत बाहेर ठेवायची, मूळ फाईल घरी, एवढा बंदोबस्त पुरे. भारतात फोटोच्या कॉपीराइटला नोंदणी लागत नाही. १९५७ च्या कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. पण एखाद्या रिसॉर्टसाठी पैसे घेऊन फोटो काढले असतील आणि वेगळा करार नसेल तर हक्क त्या रिसॉर्टचा. असे फोटो लावण्याआधी लेखी विचारा. गावकऱ्यांचे चेहरे ओळखू येत असतील तर त्यांनाही विचारा. अभयारण्यात ड्रोन उडवायला वनखात्याची परवानगी लागते. ती नसताना काढलेला फोटो साईटवर लावणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा टांगणं.

फोटोखालची नोंद

‘निसर्गाची किमया’ ही नोंद नव्हे. कुठे उभं राहून, कुठल्या दिशेला, कुठल्या महिन्यात, किती वाजता आणि काय दिसतंय, एवढं हवं. उदाहरणार्थ: ‘राजगड, संजीवनी माचीवरून पश्चिम-वायव्येला तोरणा. ऑक्टोबर अखेर, सकाळी सात. ऊन पाठीमागून.’ एवढ्या नोंदीवरून दुसरा माणूस आपला मुक्काम ठरवू शकतो. तोरण्यावर सकाळी ऊन येतं, म्हणजे रात्री गडावर राहायला हवं. संध्याकाळी गेलं तर तोरणा काळा दिसणार आणि मागचं आकाश रंगणार.

शिखरांची नावं अंदाजाने लिहू नका. रतनगडावरून उत्तरेला बघताना डावीकडून कुलंग, मदन, अलंग आणि उजवीकडे १६४६ मीटरचं कळसूबाई असा क्रम लागतो. उत्तरेच्या बाजूने बघितलं की क्रम उलटतो. दुसऱ्याच्या फोटोवरून नावं उतरवणारे नेमके इथे फसतात, आणि एकदा चुकलेलं नाव पुढे दहा ठिकाणी जातं. नकाशा उघडून, उभं राहिल्याच्या जागेवरून रेघ टाकून प्रत्येक नाव पडताळा.

नोंद मराठीतच लिहा, पण ठिकाणाचं नाव एकदा रोमनमध्येही द्या. शोधणारे दोन्ही लिप्यांत शोधतात. ती फोटोच्या खाली असू द्या. फोटोवर छापलेली बारीक देवनागरी पानाफुलांत हरवते. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त ठेवा, अक्षराच्या १.६ पट तरी, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडत नाहीत. ‘ऑल्ट’ मजकुरात फोटोचं साधं वर्णन द्या, ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन तेच वाचून दाखवतो.

जागा आणि पैसे

तिन्ही आकार धरून एका फोटोला सरासरी एक एमबी लागतो, म्हणजे दोनशे फोटोंची साईट २०० एमबीत बसते. गिटहब पेजेसवर एका साईटला १ जीबी मिळते, क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट योजनेत २०,००० फाईली. साध्या साईटला पैसे देऊन होस्टिंग घेण्याची गरज बहुतेकांना पडत नाही. खर्च डोमेनचा, म्हणजे साईटच्या पत्त्याचा. पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघून घेऊ नका, दुसऱ्या वर्षीचा नूतनीकरणाचा भाव बघा. डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या. साईट करून देणाऱ्या मित्राच्या खात्यावर राहिलं की मित्र नोकरीनिमित्त परदेशी गेल्यावर पंचाईत होते.

चढवून झालं की लिंक स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवून बघा. लिंकसोबत फोटो दिसत नसेल तर बहुधा प्रिव्ह्यूची (लिंकसोबत दिसणाऱ्या फोटोची) फाईल जड आहे. ती १२०० गुणिले ६३० ची, ३०० केबीच्या आत करा. मग वायफाय बंद करून, मोबाईल डेटावर, एखाद्या जुन्या अँड्रॉइड फोनवर साईट उघडा. पहिला फोटो तीन सेकंदांत आला नाही तर दोष तिथूनच शोधायला लागा.