कमी दिवसांचं बाळ आणि शिंप्याची टेप

बार्शीत माझं कपडे शिवायचं दुकान आहे. टेप दिवसभर गळ्यातच असते. तरीही पोरीचं डोकं मोजताना मी चुकलोच, ते पुढे सांगतो.

पोरगी तिसाव्या आठवड्यात झाली, १२४० ग्रॅमची. महिनाभराहून जास्त पेटीत होती. घरी आणल्यावर येईल तो विचारायचा, "किती महिन्यांची? एवढीशीच?" वैतागून मी एक वही घातली.

तुम्हीही घाला. पहिल्या पानावर दोन तारखा लिहा: बाळ झालं ती, आणि डॉक्टरांनी बाळंतपणासाठी दिलेली ती. आमच्या ४ मार्च आणि १३ मे, म्हणजे मध्ये १० आठवडे. वजन, लांबी, डोकं, मान धरणं, बसणं, सगळं दुसऱ्या तारखेपासून मोजायचं, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. लसी मात्र पहिल्या तारखेनंच. "अजून बारीक आहे" म्हणून आम्ही लस लांबवायला निघालो होतो, सिस्टरांनी चांगलंच झापलं.

या दोन तारखांनी काय फरक पडतो बघा. १३ सप्टेंबरला वजन भरलं ५.४ किलो. जन्मतारखेनं सहा महिने उलटलेले. मुलींच्या तक्त्यात सहा महिन्यांना कमी वजनाची रेषा ५.७ वर, म्हणजे आमचा ठिपका तिच्या खाली. बायकोच्या डोळ्यांत पाणी. मग तोच ठिपका चार महिन्यांवर ठेवला. तिथली रेषा ५ किलोवर, पोरगी तिच्या वर! हा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा. त्याआधी, दुसऱ्या तारखेनंतरच्या दहा आठवड्यांपर्यंत आमच्या डॉक्टरांनी कमी दिवसांच्या बाळांचा फेंटन तक्ता वापरला. अंगणवाडीत वजन करायला गेलात तर ताईंना दोन्ही वयं सांगा.

वजन रोज करू नका, डोकं फिरतं. ओला लंगोटही काट्यावर बोलतो. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, उघड्या अंगानं, दूध पाजायच्या आधी. किराणा दुकानातला काटा मी करून पाहिलाय. पोरगी हलली की आकडाही नाचतो. बाळंतपणाच्या तारखेनंतर पहिले तीन महिने दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ चांगली. एखादा आठवडा कमी भरला तर घाबरू नका. पण रेषा आडवी पडली, किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा.

आता डोकं. माझी दुकानातली कापडी टेप वापरून वापरून ताणली होती, त्यामुळे घेर खराखुरा भरायचाच नाही. गिऱ्हाइकाच्या कमरेला अर्धा सेंटिमीटर खपतो, इथे नाही. न ताणणारी टेप घ्या. टोपडं काढा. टेप भुवयांच्या किंचित वरून, कानांच्या वरून, मागे सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. तीनदा मोजा, मोठ्यात मोठा आकडा लिहा. सुरुवातीच्या महिन्यांत आठवड्याला अर्धा ते एक सेंटिमीटर वाढतं. एका आठवड्यात दोन सेंटिमीटर वाढलं, किंवा टाळू फुगलेली, उलट्या आणि बाळ मलूल असं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर.

लांबीचा नाद घरी करू नका. गादीवर टेप लावून मी दोनदा मोजली, तीन सेंटिमीटरचा फरक आला. दवाखान्यात फळीवर आडवं निजवून मोजतात. एकानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं पाय सरळ करायचे.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही वहीत लिहा. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाची ती महिन्याच्या आत व्हायला हवी, फारच लहान असेल तर आणखी लवकर. लोहाचे थेंब किती द्यायचे ते डॉक्टरच वजन बघून ठरवतात, त्यामुळे दर भेटीला वही सोबत न्या.

दोन वर्षांनंतर बाळाला उभं करून मोजतात. उभी उंची आडव्या लांबीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर कमी भरते, त्यामुळे त्या दिवशी पोर आखूड झालं असं वाटलं तरी वहीत खाडाखोड करू नका.