सांगलीच्या पिनकोडचे अवयव पाडायची सोपी ट्रिक

४१६४१६. सांगलीचा पिनकोड, पार्सलवर कितीदा लिहिला असेल, पण संख्या म्हणून एकदा बघाच, लय भारी आहे. कागद-पेन घ्या, कॅल्क्युलेटर नको.

आधी हे बघा की ४१६ दोनदा आलंय. असे तीन आकडे परत तेच आले की संख्या १००१ ने जातेच, कारण ४१६ हजार अधिक ४१६ म्हणजे ४१६ × १००१, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३, हे पाठच करून ठेवा. आता ४१६ ला निम्मं करत जा, २०८, १०४, ५२, २६, १३, पाचदा निम्मं झालं आणि परत १३ च उरला! म्हणजे २ पाचदा, १३ दोनदा, ७ नि ११ एकेकदा. ३ ने जात नाही, अंकांची बेरीज २२ येते.

एकूण विभाजक काढायला प्रत्येक घातात १ मिळवून गुणा, ६ × २ × २ × ३ = ७२.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं, २, ७, ११ यांची जोडी अपुरी राहिलीय ना, मग १५४ ने गुणा, ६,४१,२८,०६४ येतात. हा बरोब्बर ८००८ चा वर्ग. भाचीला करून दाखवलं तर तिने लगेच स्वतःच्या मोबाईल नंबरचे अवयव पाडायला घेतले.