डेस्टिनच्या पांढऱ्या वाळूवर जाताना
ठाण्याहून मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांनी फ्लोरिडातील डेस्टिनचा बेत आखताना १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम ध्यानात घ्यावा. मे महिना त्यातल्या त्यात बरा. रिसॉर्टांसमोरची बरीच वाळू खासगी असल्याने तेथे मुक्काम नसल्यास हेंडरसन बीच स्टेट पार्क गाठावे. क्वार्ट्‌झची ही शुभ्र वाळू उन्हात डोळे दिपवते, तेव्हा गॉगल हवाच. पाण्यात उतरण्यापूर्वी निशाण पाहावे: दोन लाल म्हणजे प्रवेशबंदी, जांभळे म्हणजे जेलीफिशसारखे जीव. किनाऱ्यापासून आत समुद्रात खेचणाऱ्या प्रवाहाच्या ओढीत सापडल्यास, तरणतलावात रोज पोहणाऱ्यांनीही, किनाऱ्याकडे झुंजत न बसता त्याला समांतर पोहावे. उथळ पाण्यात पाऊल न उचलता वाळूत घासत चालावे, म्हणजे तळाशी दडलेला स्टिंगरे (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) चाहूल लागून दूर सरकतो.