'अबव्ह द लॉ' दोनदा बघा, पण असा

स्टीव्हन सीगलचा हा पहिला सिनेमा, 1988 सालचा. शिकागोचा पोलीस निको टोस्कानी ड्रग्ज पकडायला जातो, हाती लागतात स्फोटकं, आणि प्रकरण सीआयएपर्यंत पोचतं. पटकथा विस्कळीत आहे, तरी आयकिडो ही जपानी युद्धकला शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हा बघायला सांगते.

पहिल्या वेळी गोष्टीच्या मागे लागू नका. सुरुवातीला सीगलच्याच लहानपणीचे फोटो येतात, मग जपानमधला दोजो, म्हणजे सरावाची जागा. संवाद म्हणताना अवघडलेला हा माणूस तिथे किती मोकळा वावरतो ते बघा. त्यानंतर बारमधली मारामारी. नात्यातल्या मुलीला शोधत निको तिथे शिरतो. आवाज बंद करा आणि नजर मार खाणाऱ्यावर ठेवा. मनगट पिळलं की तो उडतो, कारण नाही उडला तर सांधा जाईल. आम्ही दोजोत हे पडणंच आधी शिकतो, त्याला उकेमी म्हणतात. आता सीगलचे पाय बघा. समोरून हल्ला आला की तो मागे हटत नाही, तिरका होऊन आत शिरतो. ही इरिमी. एक फरक मात्र लक्षात ठेवा: सरावात जिथे आपण हात सोडून देतो, तिथे सिनेमा कोपर मोडतो.

दुसऱ्या वेळी कागद-पेन घेऊन बसा. व्हिएतनाम, चर्चमधला बॉम्ब, सिनेटरला मारायचा कट; कुठला धागा कुठे सुटला ते टिपा. माझ्या मते खरी उणीव याहून मोठी आहे. निको हरेल असं एकदाही वाटत नाही, त्यामुळे भीती दाखवायचं काम बाकीच्यांवर पडतं. निकोच्या पोलीस जोडीदाराच्या भूमिकेतली पॅम ग्रिअर ते उत्तम करते. तिच्या प्रसंगांत निकोपेक्षा तिचा चेहरा बघा, प्रकरण किती अंगाशी आलंय ते तिथे कळतं. शॅरन स्टोनला बायकोच्या भूमिकेत काळजी करण्यापलीकडे काही दिलेलंच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हे टिपण जपून ठेवा आणि पुढे 1992 चा 'अंडर सीज' लावा. दिग्दर्शक तोच, अँड्र्यू डेव्हिस. हिरोही तोच, पण जवळजवळ सगळी गोष्ट एका युद्धनौकेवर घडते. टिपलेल्या उणिवांपैकी किती तिथे उरल्या, ते एकेक करून तपासा.